गिरधर नटाची तीन लग्नं

जसोंडीच्या गिरधर महाजनाने पुढे दहा-अकरा वर्षं राजाची कामं केली, पण रंगमंचावर तो पहिल्यांदा चढला तो घोड्याचे मागचे दोन पाय होऊन.

साल चौतीस. गिरधर तेव्हा एकवीस वर्षांचा. बापाच्या शेतातला कापूस बुऱ्हाणपूरच्या जिनात उतरवून तो रिकामी गाडी घेऊन घरी निघाला होता, तेवढ्यात शनवारा दरवाजापाशी एका गृहस्थाने बैलांपुढे हात आडवा धरला. हे शालिग्रामशेठ, तापीप्रसाद नाटक मंडळीचे मालक. मंडळीचं सामान गावाबाहेरच्या लालबाग स्टेशनावर पडलं होतं आणि गाडी मिळत नव्हती. गिरधरने पडद्यांच्या गुंडाळ्या, ट्रंका, समया, सगळं आणून मैदानातल्या मांडवापाशी टाकलं. लाकडी सिंहासन उतरवायला तिघं पुढे झाले, तर याने ते एकट्यानेच डोक्यावर घेतलं. शेठ बघत राहिले.

"उंची किती रे तुझी?"

"मोजली नाई, शेठ. घरात शिराले वाकावं लागते."

"वाकता येतं ना? मग आमचं काम झालं."

मंडळीकडे बांबूचा आणि कापडाचा एक घोडा होता. त्याचे पुढचे पाय उखर्डू नावाचा माणूस करायचा. मागचे पाय करणारा मात्र भुसावळला चहा प्यायला उतरला तो परत गाडीत चढलाच नव्हता. गिरधरने बैल ओळखीच्या माणसाच्या दारात बांधले आणि घोड्याच्या पोटात शिरला. घरी निरोप धाडला, पंधरा दिवसांत येतो.

घोड्याच्या पोटात काही दिसायचं नाही. उखर्डूचा कमरपट्टा धरायचा आणि तो हलेल तसं हलायचं. त्यामुळे ऐकण्यावाचून दुसरा उद्योगच नव्हता. आठ-दहा खेळांत गिरधरला सगळं नाटक पाठ झालं, बायकांच्या गाण्यांसकट. आणि एका दुपारच्या खेळाला राजाचं काम करणारा नट ऐन भाषणात अडकला. विंगेत पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाला नेमका ठसका लागलेला. मांडव चिडीचूप. अशा वेळी घोड्याच्या मागच्या अर्ध्या भागातून राजाचं पुढचं वाक्य खणखणीत आवाजात बाहेर आलं.

लोक हसून हसून लोळले. राजा भडकला. उखर्डू पोटातल्या पोटात लाथा मारत होता. शालिग्रामशेठ मात्र हसले नाहीत. खेळ सुटल्यावर त्यांनी गिरधरला समोर उभं केलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यात जिथे जिथे 'ण' होता तिथे गिरधरने 'न' म्हटला.

"आवाज देवाने दिलाय तुला," शेठ म्हणाले. "'ण' मात्र मलाच द्यावा लागणार."

त्यासाठी सहा महिने गेले. रोज सकाळी तोंड धुतल्याबरोबर बाण, प्राण, रण, कारण. पंधरा दिवसांचे सात महिने झाले. गिरधर घरी परतला तेव्हा केस मानेवर आले होते, मिशी गेली होती, आणि बायकोला हाक मारून तो म्हणाला, "पाणी आण."

बायको भागाबाई. धूलकोटच्या शेतकऱ्याची मुलगी, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. कामाला वाघीण आणि बोलायला एक घाव दोन तुकडे. तो 'ण' ऐकून तिच्या हातातली कळशी निसटायची वेळ आली. "कोनाशी बोलू राहिले?" ती हसत म्हणाली. "मी तुमची बायको हाय, रानी नाई."

पुढची तीन वर्षं अशीच गेली. आठ महिने गिरधर मंडळीबरोबर फिरायचा आणि पावसाळ्यात जसोंडीला यायचा. भागाबाई सासऱ्याबरोबर शेत बघायची. निंदणी तीच, वेचणी तीच, बैलाला गोचीड लागली तरी तीच. गिरधर घरी असला की सगळ्यांना हसवायचा, शेजारच्या बाया कामं टाकून ओसरीवर यायच्या. चौथ्या पावसाळ्यात तो निघायच्या आदल्या दिवशी भागाबाई त्याच्यासमोर येऊन बसली.

"एक बोलू? राग नका धरू."

"बोल."

"पाव्हना म्हनून तुम्ही लई चांगले हाय. तुमच्यावानी पाव्हना पंचक्रोशीत नाई. पन मले नवरा पाहिजे."

एवढी भाषणं पाठ असलेला माणूस, पण याचं उत्तर कुठल्याच नाटकात नव्हतं. तिचं काही चुकत नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. जसोंडीच्या निंबाखाली पंच बसले. त्यांच्या जातीत पूर्वापार चालत आलं होतं त्याप्रमाणे तुरीच्या काडीचे दोन तुकडे केले आणि काडीमोड झाली. भागाबाई रडली नाही. घरातून निघताना तिने त्याला सांगितलं, "काळ्या बैलाचा खांदा सुजते. हळद लावत जा म्हना मामंजीले." त्या वाक्याने मात्र गिरधरच्याच डोळ्यांत पाणी आलं.

वर्षभराने तिने डोईफोडियाच्या चुडामण पाटलाशी पाट लावला. चुडामण बुटका, शांत, जमिनीला चिकटलेला माणूस. लग्नानंतर एकदा बाजारात गिरधर समोर दिसला तर चुडामण गाडीमागे लपायला लागला. गिरधरनेच त्याला हाताला धरून मावा जिलेबीच्या दुकानात नेलं. तिथून दोघांची जी गट्टी जमली, ती कायमची.

दरम्यान गिरधर राजा झाला होता. जुना राजा दुसऱ्या मंडळीत गेला आणि शेठनी मुकुट याच्या डोक्यावर ठेवला. राणी होती कोकिळा. तिची आई गोदाबाई मंडळीत कपडेपट आणि स्वयंपाक सांभाळायची. तरुणपणी तीही गायची. कोकिळा पंधरा वर्षांची असल्यापासून रंगमंचावर होती आणि गिरधर दोन पावलं चुकीच्या बाजूला सरकला तरी गाणं न मोडता त्याला डोळ्यांनी जागेवर आणायची. रंगमंचावर त्यांची आठवड्यातून तीन-चार लग्नं व्हायची. एका दुपारी अंतरपाट धरलेला असताना कोकिळा हळूच म्हणाली, "इतक्यांदा लागतंय, एकदा खरं लावून टाकू या का?"

गिरधर मंगलाष्टकांच्या मध्येच "हो" म्हणाला, आणि पहिल्या रांगेतल्या लोकांना वाटलं, हे नाटकातच आहे.

एकोणचाळीस साली, चाळीसगावच्या मुक्कामात, एका देवळात त्यांचं लग्न लागलं. जसोंडीहून बाप आला नाही. दोन वर्षं त्याने बोलणंच टाकलं होतं. मग एकदा बुऱ्हाणपूरच्या खेळाला येऊन पहिल्या रांगेत बसला आणि पहिल्या अंकात गाढ झोपला. जागा झाल्यावर सुनेला म्हणाला, "पोरी, गाता चांगलं तुम्ही. झोप चांगली लागली." कोकिळाने ती सर्वांत मोठी शाबासकी मानली.

दोघांचं जमायचं छान. भांडायचीही खूप. गिरधर राजासारखा तावातावाने बोलायला लागला की कोकिळा गोदाबाईला हाक मारायची, "आई, यांचा मुकुट काढून ठेव गं." सहा वर्षं ही अशी गेली. मूलबाळ झालं नाही, पण मंडळीतल्या सगळ्यांची मुलं त्यांच्याच राहुटीत लोळायची.

पंचेचाळीसच्या थंडीत मुक्काम अमळनेरला होता. कोकिळाला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर गिरधरच्या तोंडून शब्दच फुटेना. मुद्दाम धरलेलं मौन नव्हतं ते. तोंड उघडायचा, आणि काही यायचं नाही. शालिग्रामशेठनी त्याला घरी धाडलं नाही. महिनाभर त्याला मुक्या पहारेकऱ्याचं काम दिलं. भाला घेऊन तो उभा राहायचा आणि दुसराच कुणी राजा बोलायचा.

एका सकाळी गोदाबाई तांदूळ निवडत बसली होती. गिरधर समोर येऊन बसला आणि खडे वेचू लागला. खाली मान घालूनच गोदाबाई नाटकातलं राणीचं वाक्य बोलली. गाणं नाही, नुसतं वाक्य, कोरड्या आवाजात. मग थांबली. "तिचं सगळं मला पाठ आहे," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं म्हणा." गिरधरने ओठ हलवले. बऱ्याच वेळाने राजाचं उत्तर घोगऱ्या आवाजात आलं. सुपातले तांदूळ संपेपर्यंत दोघांनी अख्खा पहिला अंक म्हटला.

देश स्वतंत्र झाला आणि वर्षभरात संस्थानं विलीन व्हायला लागली. मंडळीचा मुख्य आधार संस्थानिकांचा. नर्मदेपलीकडच्या एका लहान संस्थानात दर दसऱ्याला त्यांचे खेळ ठरलेले. अठ्ठेचाळीसला ते नेहमीप्रमाणे गेले, तर राजवाड्याच्या दारावर पहारेकरी नव्हता आणि आत पेट्या भरणं चाललं होतं. तरी महाराजांनी दुपारचा एक खेळ करायला सांगितलं. या वेळी चोपदार नाही, पंखेवाले नाहीत. महाराज साध्या खुर्चीवर चार लोकांबरोबर बसले. खेळ संपल्यावर स्वतः पडद्यामागे आले. गिरधर मुकुट काढून हातात धरून उभा होता.

"एक विचारू?" महाराज म्हणाले. "मुकुट काढला की तुम्ही काय करता?"

"आधी घाम पुसतो, महाराज. मग भूक लागते."

महाराज इतके हसले की त्यांना पेटीवर बसावं लागलं. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं."

पुढच्या वर्षी मंडळी मोडली. शालिग्रामशेठनी स्वतः पडदे दुमडले. जो तो आपापल्या गावी निघाला. गोदाबाई मात्र स्टेशनावर बोचकं घेऊन बसून राहिली. तिला जायला गावच नव्हतं.

"चला आई, बुऱ्हाणपूरला," गिरधर म्हणाला.

"मुलगी गेली, जावईबापू. आता माझं तुमचं नातं काय?"

"होतं तेच. बोचकं द्या इकडे."

अशा रीतीने राजाची नोकरी सुटलेला गिरधर, छत्तिसाव्या वर्षी, सासूला घेऊन बुऱ्हाणपूरला आला. राजपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या. बाप वारला होता, शेत भाऊ करत होता. भावाने जोंधळे पाठवले, पण नुसते जोंधळे खाऊन बसणं गिरधरला जमेना. काम मिळालं ते एका टॉकीजमध्ये, जाहिरातीचं. कडूमियाँच्या टांग्याला दोन्ही बाजूंनी रंगीत पाट्या लावायच्या, गिरधरने मागे उभं राहून पत्र्याच्या भोंग्यातून ओरडायचं. "आज से रोज दो खेल! तलवारींचा खणखणाट! हसवणारा, रडवणारा, खानदानी खेल!" त्याच्या आवाजाला भोंगा फार लागतच नसे. कडूमियाँ म्हणायचे, "गिरधरभाई, आप बोलते हो तो मेरा घोडा भी सिनेमा देखने को मांगता है."

दर शुक्रवारी टांगा मुलींच्या मराठी शाळेवरून जायचा. चोपन्न सालच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी तो तिथे पोचला तर शाळेतून त्याचीच जाहिरात ऐकू आली. तीसेक मुली एका सुरात ओरडत होत्या, "तलवारींचा खणखणाट!" तेवढ्यात एक शिक्षिका बाहेर आल्या. उंच, सडपातळ, पांढऱ्या लुगड्याला निळा काठ, बोटांना खडूची पूड.

"अहो, टांगेवाले!"

"टांगेवाले हे, बाई. मी आवाजवाला."

"तर मग आवाजवाले, माझ्या वर्गाला अठराचा पाढा येत नाही, पण तुमची जाहिरात तोंडपाठ आहे. याचं काय करायचं?"

"मग पाढाच म्हणू का भोंग्यातून?" गिरधर गमतीने म्हणाला.

बाईंनी फाटक उघडलं. "या."

आता मागे फिरायची सोय नव्हती. गिरधर वर्गात गेला, छाती फुगवली आणि दरबारात फर्मान सोडावं तसा सुरू झाला. "अठरा एके अठरा! अठरा दुणे छत्तीस!" मुली मंत्र घातल्यासारख्या मागून म्हणू लागल्या. अठरा पंचे नव्वदपर्यंत सगळं झोकात झालं. मग तो थांबला. शाळा त्याची तिसरीतच सुटली होती. मुली वाट बघत होत्या, कपाळावर घाम आला होता, आणि त्याच्या पाठीमागून, अगदी विंगेतून यावा तसा, हलका आवाज आला, "अठरा सक एकशे आठ."

त्याने वळून बघितलं. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, पण त्यांचे खांदे हसत होते.

त्या विमल पिंपळे. वडील लवकर वारल्यावर दोन धाकट्या भावांना शिकवता शिकवता त्यांचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. चौतिशी ओलांडली होती. त्यानंतर दर शुक्रवारी टांगा शाळेपाशी अर्धा तास थांबू लागला. गिरधर मुलींना कविता म्हणायला शिकवायचा आणि विमलबाई सगळ्यात मागच्या बाकावर बसून वह्या तपासायच्या. पण वहीचं पान उलटत नसे. घरी आल्यावर गिरधर शाळेबद्दल इतकं बोलायचा की एक दिवस गोदाबाईने शेवेचा डबा भरला, काठी घेतली आणि स्वतः शाळेत गेली. काय झालं ते गिरधरला संध्याकाळी कळलं.

"विचारलं तिला," गोदाबाई म्हणाली.

"काय विचारलं?"

"माझा जावई कसा वाटतो म्हणून."

गिरधरने हातातला भाकरीचा घास ताटात ठेवला. "आई! माझी दोन लग्नं झालीत."

"मग सवय आहे की तुम्हाला. तिने कोकिळाचं विचारलं. मी सगळं सांगितलं, अमळनेरपर्यंतचं. ऐकून तिने माझा हात धरला, तो घंटा होईपर्यंत सोडला नाही." गोदाबाईने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "मला ती पसंत आहे."

विमलबाईंनी मात्र घाई केली नाही. दीड वर्ष त्यांनी विचार केला. भाऊ दत्तात्रय कचेरीत कारकून होता. तो म्हणाला, "अक्का, नटाशी? तेही तिसरेपणावर? लोक काय म्हणतील?"

"अर्ध्या गावाच्या बायका माझ्या वर्गातून गेल्यात," त्या म्हणाल्या. "फार काही म्हणणार नाहीत."

शेवटी छप्पनच्या भाद्रपदात त्यांनी गिरधरला सांगितलं, "मला डोईफोडियाला न्या. भागाबाईंना भेटायचंय."

गिरधरला जन्मात एवढी भीती वाटली नव्हती. मोटारीने गेले, पुढे चुडामणची गाडी आली होती. भागाबाईने विमलबाईंना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, हात धरला, घरात नेलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर बाजेवर दोघे पुरुष बसून राहिले.

"काय बोलत असतील?" गिरधरने विचारलं.

"तुमचं बोलत असतीन," चुडामण म्हणाला. "संपलं की माझं चालू होईन. गप बसा, तंबाखू खा."

आतून हसण्याचे आवाज यायचे, मग एकदम शांतता, मग पुन्हा हसणं. भागाबाईची धाकटी अलका दाराच्या फटीला डोळा लावायची आणि आईने हाकललं की पळायची. दोन तासांनी दार उघडलं. विमलबाईंच्या ओटीत तांदूळ, नारळ होता.

परतीच्या वाटेवर गिरधरने धीर करून विचारलं, "काय म्हणाली?"

"तुमच्या तीन खोडी सांगितल्या. दोन मला माहीत होत्या."

"आणि तिसरी?"

"तिसरी मी सुधारीन," असं म्हणून त्या गाडीबाहेर बघू लागल्या. ती तिसरी कुठली, ते गिरधरला शेवटपर्यंत कळलं नाही.

विमलबाईंची एकच अट होती, लग्न कायद्याने, नोंदवून करायचं. जात वेगळी, भटजी कुरकुरणार, त्यापेक्षा कागद बरा. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोघं खंडव्याच्या कचेरीत नोटीस द्यायला गेले. तिथले कारकून म्हातारे, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "वर अविवाहित, विधुर की घटस्फोटित?"

"पहिली काडीमोड झाली, दुसरी वारली."

"एकच लिहायचं आहे, भाई. कॉलम एक है."

"मग जे जड असेल ते लिहा," गिरधर म्हणाला.

कारकुनांनी 'विधुर' लिहिलं आणि पेन थांबवलं. "पहिल्या पत्नी हयात आहेत? घटस्फोटाचा कागद?"

"कागद नाही. काडी मोडली होती."

"मग ती काडी तरी कुठे आहे?" त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की विमलबाईंना पदर तोंडाला लावावा लागला. नव्या कायद्यात पहिली बायको असताना दुसरी करता येत नाही. मोड रूढीने झाली असेल तर तसं कुणीतरी येऊन सांगायला हवं, असं ते म्हणाले. महिनाभर नोटीस भिंतीवर लागेल. मग तीन साक्षीदार घेऊन या.

तो महिनाही साधा नव्हता. एक नोव्हेंबरला राज्यांची वाटणी झाली. तोवरची राजधानी नागपूर आणि अमरावती तिकडे मुंबई राज्यात गेली आणि बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात, राजधानी भोपाळ. गावात मराठी माणसं चौकाचौकात उभी राहून बोलत होती. गोदाबाईने विचारलं, "आपण कुठे गेलो मग?"

"आपण इथेच आहोत, आई. राजधानी गेली."

"मग जाऊ दे," गोदाबाई म्हणाली आणि दिवाळीच्या चकल्या तळायला बसली.

दिवाळी झाल्यावर ठरल्या दिवशी खंडव्याला जी वरात उतरली, तशी कचेरीने पाहिली नसेल. गिरधर कोसा रेशमाचा सदरा घालून. विमलबाई जांभळ्या लुगड्यात. दत्तात्रय फुगलेला, पण हातात हारांची पिशवी घट्ट धरून. काठी टेकत गोदाबाई. आणि वेचणी सोडून आलेली भागाबाई, मागे चुडामण.

"साक्षीदार कोण?" कारकुनांनी विचारलं.

"मी," भागाबाई म्हणाली. "यांची पहिली बायको."

"मी तिचा आताचा नवरा," चुडामण म्हणाला.

"आणि मी दुसरीची आई," गोदाबाई म्हणाली.

कारकुनांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आतल्या खोलीतून विवाह अधिकारी बाहेर आले. भागाबाई सरळ त्यांच्यासमोर गेली. "साहेब, वीस वरसं झाली आमची मोड होऊन. पाच पंच होते, त्यातले दोन जिते हाय, त्यांचे अंगठे आनले." तिने कनवटीचा कागद काढून टेबलावर ठेवला. "हे माझे मालक, चार लेकरं हायती. हे गिरधरराव मानूस सोन्याचे हाय, फक्त घरात थांबत नाई. आता ही बाई थांबवीन. मले खात्री हाय. कुठी अंगठा देऊ?"

साहेबांनी कागद वाचला आणि हसू आवरत मान हलवली. कारकुनांना मात्र नवीन शंका आली. "साहेब, नोटीस जुन्या राज्यात लागली, लग्न नव्या राज्यात होतंय. चलेगा?"

"नवरा तोच आहे ना?"

"हो साहेब."

"नवरी?"

"तीच."

"मग द्या इकडे," साहेब म्हणाले आणि सही केली.

शपथेची वाक्यं गिरधरने म्हटली. आवाज उंचावला नाही. शेजारी उभ्या विमलबाईंना जेमतेम ऐकू जाईल इतपतच बोलला. हार घालताना दत्तात्रयच रडायला लागला. गोदाबाईने त्याला पदराने डोळे पुसून दिले आणि एक चकली दिली.

टॉकीजने पुढे मोटारीवर यंत्राचा भोंगा आणला तेव्हा गिरधरचं काम सुटलं. पण तोवर शाळेत त्याची जागा पक्की झाली होती. स्नेहसंमेलनाचं नाटक तो बसवायचा. पुरुषांची कामंही मुलीच करायच्या, आणि एका विणकराची बुटकी मुलगी राजा म्हणून अशी काही गर्जायची की मागच्या रांगेतले बाप दचकायचे. बाकीच्या वेळात तो घरी स्वयंपाक करायचा. विमलबाई शाळेतून यायच्या तेव्हा भाकरी गरम असायची. गोदाबाई शेजारणींना सांगायची, "राजाच्या हातचं खातो आम्ही."

एकोणसाठ साली चुडामण अलकाला घेऊन आला. डोईफोडियाला शाळा चौथीपर्यंतच होती आणि पोरगी शिकायचं म्हणत होती. चुडामण दारात चुळबुळत उभा राहिला, कसं विचारावं ते त्याला कळेना. विमलबाईंनी त्याच्या हातातली ट्रंक घेऊन आत नेऊन ठेवली. बोलणं संपलं. अलका गोदाबाईजवळ झोपू लागली, तिच्याकडून गाणी शिकू लागली आणि गिरधरला 'बाबूजी' म्हणू लागली. तिकडे चुडामण तिचा 'बा' होताच.

एकसष्टच्या शिरगणतीला घरोघर माणसं फिरत होती. राजपुऱ्यात आलेला तरुण ओसरीवर बसून नावं लिहीत होता. कुटुंबप्रमुख गिरधर महाजन. पत्नी विमल. मग त्याने गोदाबाईकडे पेन रोखलं. "या आई का?"

"सासू," गिरधर म्हणाला.

"म्हणजे या बाईंच्या आई."

"नाही, माझ्या आधीच्या बाईंच्या," विमलबाई म्हणाल्या.

तरुणाने दोनदा मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. "आणि ही मुलगी?"

गिरधर सांगायला लागला. पहिली बायको, निंबाखालचे पंच, डोईफोडिया. ऐकता ऐकता तरुणाचं पेन कागदावर टेकायचं आणि उचललं जायचं. विमलबाई चहा आणायला उठल्या. अलका अभ्यासाची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिने वाकून तो कागद वाचला.

"मुलगी लिहा ना," ती म्हणाली. "किती वेळ लावता! मला शाळेत उशीर होतोय."

तरुणाने गिरधरकडे बघितलं. गिरधरने मान डोलावली. तरुणाने लिहिलं, शाई वाळवली, आणि विमलबाईंनी आणलेला चहा उभ्यानेच पिऊन शेजारच्या घराकडे निघाला. अलका दप्तर शोधत होती, गोदाबाई तिच्या वेणीची रिबिन कुठे पडली म्हणून ओरडत होती, आणि गिरधर डबा भरायला स्वयंपाकघरात गेला. त्या दिवशी त्याने डब्यात दोन भाकरी जास्त घातल्या.